आजारी झाड: आधी उपचार की आधी निदान?

परसबागेतील झाड आजारी पडले की त्याची काळजी वाहणाऱ्यापुढे दोन मार्ग उभे राहतात. हाताशी असलेले खत, औषध किंवा घरगुती द्रावण वापरून झाड तातडीने सावरण्याचा एक, आणि उपचाराला हात घालण्यापूर्वी आजाराचे कारण शोधण्याचा दुसरा. दोन्ही मार्गांमागे झाडाविषयीची खरी आस्था असते, तरीही व्यवहारात ते अनेकदा एकमेकांच्या आड येतात. कारण घाईने केलेला उपचार आजाराच्या खुणा पुसून टाकतो, तर निदानाच्या नावाखाली लांबलेला काळ कधी कधी झाडाच्या जिवावर बेततो. पुढील संवादात या दोन भूमिका समोरासमोर मांडल्या आहेत. त्यातील बागमालक हे वर्षानुवर्षे स्वतःच्या हाताने बाग राखणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांचे प्रतिनिधी आहेत, आणि अभ्यासक ही वनस्पतिरोगशास्त्राच्या, म्हणजे वनस्पतींच्या रोगांची कारणे, लक्षणे व उपाय यांचा विचार करणाऱ्या शास्त्राच्या, बाजूने बोलणारी तरुण संशोधिका आहे. चर्चेसाठी मुख्यतः दख्खनच्या काळ्या जमिनीत, घराच्या अंगणात वाढलेले कागदी लिंबाचे झाड घेतले आहे, कारण महाराष्ट्रातील घरगुती बागांत ते जागोजागी आढळते आणि झाडांच्या दुखण्यांपैकी बरीचशी त्याच्या वाट्याला येतात.

बागमालक: ताई, लिंबाची पाने पिवळी पडली, फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या आणि फळे सुपारीएवढी असतानाच गळू लागली, म्हणजे झाडाची ताकद कमी पडते आहे हे उघड आहे. अशा वेळी बुडाशी शेणखत, निंबोळी पेंड आणि मूठभर युरिया घालावा, पाणी भरपूर द्यावे आणि वरून कीटकनाशक व बुरशीनाशक यांची फवारणी करावी, ही बागाईतीतील रुळलेली रीत आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला तपासण्यांचे अहवाल येईपर्यंत कोणी औषधाविना ठेवत नाही. मग झाडालाच ताटकळत का ठेवावे?

अभ्यासक: काका, पिवळेपणा हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे, आणि एकच लक्षण परस्परविरुद्ध कारणांतून उद्भवू शकते. म्हणून पहिला प्रश्न असा की, नेमकी कोणती पाने पिवळी पडली आहेत आणि त्या पिवळेपणाचा आकार कसा आहे? नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या पालवीकडे पाठवते, त्यामुळे खालची, जुनी पाने सरसकट फिकट होतात. मॅग्नेशियम कमी पडले तरीही जुनीच पाने पिवळी होतात, पण लिंबूवर्गीय झाडांत देठाजवळचा पाचरीसारखा भाग हिरवा राहतो. लोहाचे तसे नाही. एकदा पानात स्थिरावलेले लोह झाडाला सहजासहजी हलवता येत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पालवीवर दिसते, शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडून पानावर जाळी उमटते. जस्त कमी असेल तर नवी पाने लहान, अरुंद आणि ठिपक्याठिपक्यांनी पिवळसर निघतात. याउलट, पानाच्या कडा भाजल्यासारख्या करपल्या असतील, तर बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा किंवा अति खताचा संशय घ्यावा लागतो, आणि अशा झाडाला युरिया घालणे म्हणजे आधीच साठलेल्या क्षारांत भर टाकणे होय.

बागमालक: पण या बारकाव्यांत शिरण्याऐवजी सगळी सूक्ष्म अन्नद्रव्ये एकत्र मिळतात, ती घालून टाकली की जे कमी असेल ते भरून निघेल.

अभ्यासक: काळ्या जमिनीत अडचण नेमकी इथेच आहे. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या या मातीत लोह मुबलक असते, मात्र चुनखडी असल्यास जमिनीचा सामू, म्हणजे तिची आम्लता किंवा विम्लता दाखवणारा निर्देशांक, 7 च्या बराच वर जातो आणि लोह मुळांना घेता येणार नाही अशा अविद्राव्य रूपात अडकून राहते. अशा मातीत साधे लोहक्षार ओतले तर तेही थोड्याच काळात अडकतात. त्यापेक्षा एक लहान प्रयोग करावा. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, विरघळवून ते द्रावण उन्हे उतरल्यावर झाडाच्या एकाच फांदीवर फवारावे, त्या फांदीला सुतळी बांधून ठेवावी आणि पुढे तिची तुलना इतर फांद्यांशी करावी. जिथे थेंब पडले तिथे पान हिरवे होऊ लागले, तर लोहाच्या उणिवेचा संशय दृढ होतो. काहीच फरक पडला नाही, तर शोध दुसरीकडे न्यावा लागतो. संपूर्ण झाडावर सगळी औषधे एकदम मारली, तर झाड सुधारले तरी कशाने सुधारले हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच आजार उलटला की पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते. अचूक निदानाने काय साधते, याचे एक उदाहरण पाहा. उत्तर भारताच्या तराई भागात भाताच्या पानांवर गंजासारखे डाग पाडणारा ‘खैरा’ रोग होता. तो कोणत्याही जंतूमुळे होत नसून जस्ताच्या उणिवेने होतो, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ यशवंत लक्ष्मण नेने यांनी 1966 मध्ये पंतनगर येथून दाखवून दिले, आणि त्यानंतर जस्ताच्या फवारणीने तो आटोक्यात येऊ लागला.

बागमालक: त्याच नेने यांनी पुढे एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था उभी केली आणि सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ हा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत ग्रंथ नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह 1996 मध्ये प्रकाशित केला, हेही विसरता येणार नाही. त्या ग्रंथात कुणपजलासारखी, म्हणजे प्राणिज पदार्थ पाण्यात कुजवून तयार केलेली, पोषक द्रावणे सांगितली आहेत. प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हाही झाडे वाचवली जात होती; अनुभवी हाताला उपाय ठाऊक होते.

अभ्यासक: त्या ग्रंथाचा आधार उलट निदानाच्याच बाजूने जातो. सुरपाल झाडांच्या आजारांची विभागणी वात, पित्त आणि कफ यांच्या विकारातून होणारे आंतरिक आजार आणि कीड, थंडी वगैरेंमुळे होणारे बाह्य आजार अशी करतो, लक्षणांवरून प्रकार ओळखायला सांगतो आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा उपचार देतो. त्रिदोषांची ती उपपत्ती आजच्या वनस्पतिशास्त्रात टिकत नाही. परंतु आजार वेगळा तर उपाय वेगळा, ही शिस्त आजही जशीच्या तशी लागू पडते. सगळ्या झाडांना सगळे काही एकदम देणे ही ना परंपरेची रीत आहे, ना शास्त्राची.

बागमालक: हे मान्य केले, तरी पाण्याबाबत दुमत असण्याचे कारण दिसत नाही. पाने मलूल होऊन खाली झुकली म्हणजे झाड तहानलेले आहे, एवढे तर कोणालाही समजते.

अभ्यासक: परसबागेतील झाडांचा सर्वात मोठा घात याच समजुतीने होतो. मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. मग अन्नपाणी शोषणारी पांढरी तंतुमुळे कुजतात आणि भोवती पाणी साचलेले असूनही झाड कोमेजते. म्हणून पाण्याचा पाइप हाती घेण्याआधी फांद्यांच्या घेराखाली वीतभर खोल उकरून माती मुठीत दाबून पाहावी. चिखल बोटांना चिकटला तर पाणी थांबवावे. ढेकूळ बनून हलक्या दाबाने फुटले, तर जमीन वापशावर आहे, म्हणजे तिच्यात पाणी आणि हवा यांचा समतोल आहे, असे समजावे. शेतकरी वापसा आल्याशिवाय जमिनीला हात लावत नाही. घराच्या अंगणात मात्र रोज संध्याकाळी पाणी घालणे हाच जिव्हाळा मानला जातो, आणि काळी माती ते पाणी दिवसेंदिवस धरून ठेवते.

बागमालक: पण याच झाडाच्या बुंध्यावर जमिनीलगत तांबूस डिंक ओघळतो आहे. तो तर रोगच म्हणायचा ना?

अभ्यासक: होय, तो डिंक्या आहे, आणि तोही त्याच पाण्याच्या वाटेने आला आहे. डिंक्याला कारणीभूत असलेला फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा दिसणारा, पण खऱ्या बुरशींपासून वेगळ्या कुळातला सूक्ष्मजीव आहे. त्याचे बीजाणू, म्हणजे प्रजननाचे सूक्ष्म कण, शेपटीसारख्या तंतूंच्या साहाय्याने पाण्यात पोहत जाऊन मुळांना आणि बुंध्याच्या सालीला गाठतात. झाडाचे आळे बुंध्याला चिकटून केलेले असेल, तर प्रत्येक पाण्याबरोबर त्यांना वाहन मिळते. रोगशास्त्रात याला रोगत्रिकोण म्हणतात: रोगाला बळी पडू शकणारे झाड, रोग घडवणारा जीव आणि त्या जिवाला अनुकूल परिस्थिती या तीन बाजू जुळल्या तरच रोग उद्भवतो. सूक्ष्मजीव मातीतून पुरता घालवता येत नाही आणि झाड बदलता येत नाही, पण परिस्थिती बदलणे मालकाच्या हाती असते. म्हणूनच लिंबूवर्गीय झाडांसाठी दुहेरी आळ्याची पद्धत सांगितली जाते. तीत आतले वर्तुळ बुंध्याशी उंच व कोरडे ठेवतात आणि पाणी फक्त बाहेरच्या वर्तुळात देतात.

बागमालक: परिस्थिती बदलेल तेव्हा बदलेल, पण सडलेल्या सालीचे काय? इथे तरी औषध लागेलच.

अभ्यासक: नक्कीच लागेल, आणि ते लगेच लागेल. धारदार, निर्जंतुक केलेल्या चाकूने कुजलेली तपकिरी साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढावी आणि त्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आणि चुना यांच्या मिश्रणाची कथा फ्रान्समधील बोर्डो परिसरातील आहे. वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून तिथले बागाईतदार वेलींवर हे मिश्रण शिंपडत. तेवढ्याच वेली केवडा रोगापासून वाचल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मिलार्दे यांनी 1882 मध्ये टिपले आणि 1885 मध्ये त्यावरचे संशोधन प्रसिद्ध केले. घरगुती गरजेसाठी 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवावी, 100 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून गाळून घ्यावा आणि ढवळत ढवळत दोन्ही एकत्र करावे. मिश्रणात लोखंडी चाकूचे स्वच्छ पाते क्षणभर बुडवून काढावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, ते सालीला आणि पानांना भाजेल, म्हणून आणखी चुन्याची निवळी घालून पुन्हा पारखावे. पाते स्वच्छ निघाले की पेस्ट तयार झाली. ती त्याच दिवशी वापरावी आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्याला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत लावावी.

बागमालक: मग फांद्या छाटल्यावर प्रत्येक जखमेला हीच पेस्ट लावण्याची रीतही योग्यच ठरते. संत्रापट्ट्यात वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, काढल्यावर हाच शिरस्ता आहे.

अभ्यासक: या मुद्द्यावर शास्त्रातही मतभेद आहेत. अमेरिकेच्या वनसेवेतील अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे साखळीकरवतीने उभी चिरून तपासली आणि 1977 मध्ये असे प्रतिपादन केले की, झाडाची जखम प्राण्यांच्या जखमेप्रमाणे नव्या पेशींनी भरून येत नाही; झाड दुखावलेल्या भागाभोवती रासायनिक आणि भौतिक भिंती उभारून तो भाग कायमचा कोंडून टाकते व त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. त्यामुळे डांबर किंवा रंग फासून कूज थांबत नाही. खरा फरक पडतो तो छाटणीच्या जागेने. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीचा एक फुगीर कंगोरा असतो. करवत त्याच्या किंचित बाहेर चालवावी. खोडाशी सपाट कापले तर ती संरक्षक रचनाच निघून जाते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून रोगाला वाट देतो.

बागमालक: शायगो यांची झाडे थंड प्रदेशातील होती. इथे चार महिने संततधार असते, आणि ओल्या कापावर बुरशी बसायला रात्र पुरते. शिवाय डांबर केवळ जखम झाकते, तर बोर्डो पेस्ट बुरशी रोखते. दोघांना एकाच मापाने मोजणे बरोबर नाही.

अभ्यासक: हा आक्षेप रास्त आहे आणि तो स्वीकारायला हवा. शायगो यांचा निष्कर्ष जखम झाकण्याविषयी आहे. दमट हवामानात ताज्या कापावर बुरशीनाशक लावण्याचा हेतू वेगळा आहे. तरीही पेस्ट लावल्यामुळे चुकीच्या जागी घेतलेला काप सुधारत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. त्याबरोबर हेही पाहावे की, आजारी झाडाची हिरवी फांदी उगाच कापली जाऊ नये, कारण झाडाचे अन्न पानांतच तयार होते. फांदी जिवंत आहे की नाही अशी शंका असेल, तर नखाने साल किंचित खरवडावी; आत ओलसर हिरवा थर दिसला तर ती जिवंत आहे, कोरडा तपकिरी दिसला तर तेवढाच भाग काढावा.

बागमालक: निदानाचा आग्रह इतका असला, तरी काही आजारांत थांबणे म्हणजे झाड गमावणे असते, हे कोकणातील प्रत्येक माडवाला जाणतो. नारळाच्या कोवळ्या पात्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले म्हणजे गेंड्या भुंगा कोंबात शिरून गेला. त्याने केलेल्या जखमेत पुढे सोंड्या भुंगा अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात. खोडातून तांबूस द्रव झिरपला, चघळलेला चोथा बाहेर आला आणि कान लावल्यावर कुरतडण्याचा आवाज आला, तर तज्ज्ञाची वाट पाहण्यात अर्थ नाही. माडाला एकच कोंब असतो, तो गेला की माड गेला.

अभ्यासक: तिथे घाईच योग्य आहे, आणि ही घाई निदानाविरुद्ध नाही, कारण या खुणा इतक्या निःसंदिग्ध आहेत की त्या पाहता क्षणीच निदान पुरे होते. आंब्याच्या खोडाला भोक पडून त्याखाली लाकडाचा भुसा साचला असेल, तर तो भिरूड नावाच्या खोडकिडीचा पुरावा आहे; तारेने अळी बाहेर ओढावी, भोकात शिफारस केलेल्या कीटकनाशकाचा बोळा घालून ते चिखलाने बुजवावे, यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही. मात्र कारणाच्याही मागचे कारण पाहायचे असते. गेंड्या भुंग्याची पैदास कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत होते, म्हणून माडाजवळचा शेणखताचा खड्डा वेळोवेळी उपसून अळ्या वेचल्या नाहीत, तर एक माड वाचवूनही दुसरा धोक्यातच राहतो.

बागमालक: मग या लिंबाच्या मागचे कारण कोणते? पाणी तर पूर्वीही रोजच घातले जात होते, आणि झाड सात वर्षे फळांनी लगडलेले होते.

अभ्यासक: हाच प्रश्न सर्वात मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर पानावर किंवा सालीवर नसून झाडाच्या भूतकाळात आहे. झाड आपल्या खोडामुळांत पिष्टमय पदार्थांचा साठा राखून असते. मुळे दुखावली तरी त्या साठ्यावर ते एखाददोन वर्षे हिरवे दिसू शकते आणि साठा संपल्यावर एकाएकी ढासळल्यासारखे वाटते. म्हणून गेल्या आठवड्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांत काय बदलले, हे आठवणे अधिक गरजेचे असते.

बागमालक: दोन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा उतार सारखा करण्यासाठी झाडाभोवती वीतभर मातीची भर घातली होती. ब्लॉक बुंध्यापासून हातभर अंतरापर्यंत आहेत.

अभ्यासक: मग सगळे दुवे जुळतात. अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. ब्लॉकखालची माती दाबली गेल्याने त्यांची हवा तुटली. भर घातल्याने बुंध्याची साल, जी कोरडी राहण्यासाठी घडलेली आहे, ओल्या मातीत गाडली गेली. पूर्वी जिरणारे पाणी आता बुंध्याशी साचू लागले, आणि मातीत आधीपासूनच असलेल्या फायटोफ्थोराला संधी मिळाली. नव्या पानांवर हिरव्या शिरांची जाळी दिसत असेल, तर तीही त्याच साखळीतली आहे, कारण चुनखडीच्या मातीत लोह मिळवणे मुळांना आधीच कठीण, ते निकामी झालेल्या मुळांना अशक्यच होते. म्हणून बचावाचा क्रमही ठरतो. आधी भर काढून मुळांचे फाटे खोडापासून सुटतात तो भाग उघडा करावा, फांद्यांच्या घेरापर्यंतचे ब्लॉक उचलावेत, डिंक्याची साल खरवडून पेस्ट लावावी, दुहेरी आळे करावे, बुंध्यापासून अंतर सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि एका बहाराची फळे लहान असतानाच काढून झाडाला विसावा द्यावा. खत नवी पालवी फुटल्यावर, तेही थोडे थोडे द्यावे.

बागमालक: एवढे करूनही झाड वाचले नाही तर? घरातील थोरांनी लावलेले झाड तोडायला हात धजावत नाही.

अभ्यासक: दोन बहार उलटूनही नवी पालवी येत नसेल आणि बुंध्याची साल सर्व बाजूंनी वाळली असेल, तर झाडाचा अंत स्वीकारावा लागतो; आणि मोठे झाड पोकळ होऊन घरावर किंवा रस्त्यावर झुकले असेल, तर तो निर्णय लांबवणे धोक्याचे असते. महाराष्ट्रातील नागरी भागांत 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार खासगी आवारातील झाड तोडण्यासाठीही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तेव्हा निर्णय एकट्याने घ्यायचाच नसतो. आणि त्याच खड्ड्यात लगेच पुन्हा लिंबू लावू नये, कारण आजार मातीत शिल्लक असतो.

या संवादात दोन्ही पक्षांनी काही सोडले आणि काही राखले आहे. खुणा स्पष्ट असतील तिथे तत्काळ कृती करावी, हा बागमालकांचा आग्रह सोंड्या भुंग्याच्या आणि डिंक्याच्या उदाहरणाने टिकला. कारण समजल्याविना केलेली कृती अनेकदा आजारात भर घालते, हा अभ्यासकाचा आग्रह पाण्याच्या आणि खताच्या उदाहरणाने टिकला. तथापि या लिंबाचे निदान पूर्ण झाले ते एका आठवणीने, आणि ती आठवण केवळ मालकापाशी होती. प्रयोगशाळा मातीचा सामू सांगू शकते, सालीतला सूक्ष्मजीव ओळखू शकते, पण भर केव्हा घातली, पाण्याची वाट केव्हा बदलली, पालवी कोणत्या वर्षी उशिरा आली, हे ती सांगू शकत नाही. म्हणून परसबाग राखणाऱ्याने फवारणी पंपाआधी एक साधी वही घ्यावी आणि प्रत्येक झाडामागे लागवडीची तारीख, खोदकाम व बांधकाम, खत व पाणी यांतले बदल, पालवी आणि बहार यांच्या वेळा लिहीत जावे. झाड बोलत नाही आणि दुखणे उशिरा दाखवते, तेव्हा त्याच्या वतीने त्याची हकीकत जपून ठेवणे हे त्याच्या मालकाचे पहिले कर्तव्य ठरते, आणि उपचार व निदान यांच्यातील वादाचा निकालही बहुतेक वेळा त्याच नोंदींतून लागतो.